थेंबे थेंबे तळं साचत नाही

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या विज्ञान मंडळात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेवर बोलायचं ठरवलंस, फार बरं केलंस. दीड तासात त्याचं भौतिकशास्त्र सांगू की राजकारण, असं विचारलं आहेस. मला विचारशील तर दोन्ही वेगळं काढताच येत नाही. सरकारी बैठकीतसुद्धा तो गुणाकारच करत बसायचा, आणि तो गुणाकार कुणाला आवडला नाही की त्याचं राजकारण व्हायचं.

चरित्र दोन मिनिटांत उरक. जन्म १९६७, स्टोक-ऑन-ट्रेंट. भौतिकशास्त्र केंब्रिजला, पीएचडी अमेरिकेत कॅलटेकला जॉन हॉपफिल्डकडे (२०२४चं नोबेल मिळालं तेच). मग केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्राध्यापक. रॉबर्ट गॅलेगरचे १९६०च्या दशकातले चूक-दुरुस्तीचे कोड (संदेश वाटेत बिघडला तरी तो नीट वाचता येण्याची युक्ती) पडून होते. मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी नव्वदच्या दशकात ते झटकून वर काढले. आज पोरांच्या वायफायमध्ये त्याच जातीचे कोड आहेत, एवढं सांगितलंस तरी मागची बाकं जागी होतील. ज्यांना हात चालवता येत नाहीत त्यांना नुसत्या नजरेनं टाइप करता यावं म्हणून त्याच्या गटानं 'डॅशर' नावाचं सॉफ्टवेअर केलं. २००८मध्ये ऊर्जेवरचं पुस्तक, सगळंच्या सगळं इंटरनेटवर फुकट. ऑक्टोबर २००९ ते २०१४ ब्रिटनच्या ऊर्जा आणि हवामानबदल खात्याचा मुख्य वैज्ञानिक सल्लागार. १४ एप्रिल २०१६ला कॅन्सरनं गेला, वय ४८. बास.

खरा वेळ एककावर घालव. पेट्रोल लिटरमध्ये, गॅस घनमीटरमध्ये, तेल बॅरलमध्ये, वीजघर मेगावॅटमध्ये आणि बातमी 'इतक्या हजार घरांना पुरेल एवढी वीज' अशी. मॅकेनं हे सगळं एका मापात आणलं: दर माणशी, दर दिवशी, किलोवॅट-तास. आपल्याकडे हे आणखी सोपं, कारण किलोवॅट-तासाला आपण वीजबिलात 'युनिट' म्हणतोच. ४० वॅटचा बल्ब दिवसरात्र जळला की जवळजवळ १ युनिट. गरम पाण्यानं भरलेल्या टबात एक आंघोळ म्हणजे ५ युनिट. लिटरभर पेट्रोलमध्ये १० युनिट. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि रोज ५० किलोमीटर पळते असं धरलं की ४० युनिट. विमानाचं उदाहरण त्याचंच घे: जंबो जेट, १४,२०० किलोमीटरच्या एका फेरीला २,४०,००० लिटर इंधन, ४१६ प्रवासी. जाऊन-येऊन माणशी साधारण १२,००० युनिट. ३६५नं भाग, दिवसाला ३०च्या वर. म्हणजे वर्षातून एकदा लांबचा विमानप्रवास करणारा माणूस वर्षभर रोज सहा टब पाणी तापवतो आहे.

'घरां'च्या मापाचा त्याला विशेष राग. त्यात फक्त घरातली वीज मोजतात. गाडी, घर तापवण्याचा गॅस, ऑफिस, कारखाना काहीच नाही. ब्रिटनमध्ये ही घरगुती वीज माणशी ५ युनिटच्या आत-बाहेर, आणि एकूण वापर १२५. 'एक लाख घरांची सोय झाली' म्हटलं की लाख कुटुंबांचा प्रश्न मिटला असं वाटतं. मिटलेला असतो त्याचा पंचविसावा हिस्सा.

आता चार्जर. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे आपल्याला शाळेच्या फळ्यावर लिहून शिकवलेलं, त्यामुळे मॅकेचं म्हणणं पोरांना पहिल्यांदा खटकेल. खटकू दे. नुसता सॉकेटमध्ये अडकवून ठेवलेला मोबाइलचा चार्जर अर्धा वॅट खातो. चोवीस तासांचे ०.०१ युनिट. ५० किलोमीटर प्रवासाला तासभर लागतो धरलं तर गाडी ३,६०० सेकंदांत ४० युनिट जाळते, म्हणजे ०.०१ युनिट एका सेकंदात. दिवसभर चार्जर काढून ठेवण्याचं पुण्य एक सेकंद गाडी चालवली की संपलं. सगळ्यांनी थोडं थोडं केलं तर एकूणही थोडंच होतं, हा त्याचा हिशेब. खारीचा वाटा सगळ्यांनी उचलला तरी सेतूला दगड लागतातच.

मात्र इथे एक घोटाळा होतो, तो तू होऊ देऊ नकोस. पोरं म्हणतील, मग स्टँडबाय (बंद दिसणारी पण वीज खात राहणारी यंत्रं) बंद करणंही फुकटच की! तसं नाही. मॅकेनं आपल्या घरातली स्टँडबायवर पडून असलेली यंत्रं एकेक मोजली, तेव्हा सगळी मिळून ४५ वॅट निघाले. दिवसाला १.१ युनिट, चार्जरच्या शंभरपट. वस्तू लहान की मोठी हे डोळ्यांना कळत नाही, मीटरला कळतं. पंधराशे रुपयांच्या आत प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर येतं, ते वर्गात घेऊन जा.

मग पवनचक्की. तुला साताऱ्यात खिडकीतून पवनचक्क्यांचं चाळकेवाडीचं पठार दिसतं, तर हे गणित फळ्यावर पूर्ण कर, गाळू नकोस. वाऱ्याची प्रति चौरस मीटर शक्ती म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा घन. घनता घनमीटरला १.३ किलो, वेग सेकंदाला ६ मीटर: अर्धा × १.३ × २१६ = १४० वॅट. चक्की त्यातलं निम्मं पकडते असं समज. पण चक्क्या एकमेकींच्या सावलीत येऊ नयेत म्हणून दोघींमध्ये पात्यांच्या व्यासाच्या पाचपट अंतर ठेवावं लागतं. पात्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.७८ पट, जमीन २५ पट. भागाकार केलास की व्यास उडून जातो आणि जमिनीच्या दर चौरस मीटरला २ वॅटच्या किंचित वर उरतं. व्यास उडतो त्या पायरीवर थांब. चक्की दुप्पट मोठी केली म्हणून त्याच जमिनीतून दुप्पट वीज निघत नाही. उंचीवर वारा जोराचा असतो, तेवढाच फायदा. ब्रिटनमध्ये प्रत्येक माणसाच्या वाट्याला ४,००० चौरस मीटर जमीन येते. सगळा देश चक्क्यांनी भरला तर माणशी ८,००० वॅट, दिवसाला २०० युनिट. देश भरता येत नाही. दहावा हिस्सा भरला, तोही फार झाला, तर २० युनिट. गाडीच्या निम्मं. आणि एवढ्या चक्क्या म्हणजे त्या वेळी अख्ख्या जगात होत्या त्याच्या दुप्पट!

या गणितात दोन जागी पोरं हमखास घसरतात. पहिली: सरासरी वेगाचा घन काढणं. निम्मा वेळ ३ आणि निम्मा वेळ ९चा वारा असेल तर सरासरी ६, घन २१६. पण खरी सरासरी २७ आणि ७२९ची, म्हणजे ३७८. आपल्याकडे पावसाळ्यात वारा आणि बाकी वर्ष मंद, तिथे हा फरक जास्तच. दुसरी: यंत्राच्या पाटीवरचे मेगावॅट (म्हणजे जास्तीत जास्त) सरासरी समजणं. घरांच्या छपरावर बसवायच्या छोट्या चक्क्यांची तेव्हा इंग्लंडात टूम निघाली होती. लीमिंग्टन स्पा गावातली '६०० वॅट'ची चक्की सरासरी दीड वॅट देत होती. घरांच्या गर्दीत वारा निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा, साधं आहे.

बाकीच्यांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाक. सगळे आकडे त्याचेच, दर चौरस मीटरला: पिकांपासून इंधन ०.५ वॅट, समुद्रातला वारा ३, ब्रिटनच्या ढगाळ हवेतलं सोलर पार्क ५, वाळवंटात आरसे लावून १५, अणुवीज १,०००. इथे हात वर होतील की हा अणुवाला दिसतोय. हे त्यालाही विचारायचे, आणि तो म्हणायचा की मी अणूच्या बाजूचा नाही, अंकगणिताच्या बाजूचा आहे.

वारा पडला तर काय, हा भाग मला सगळ्यात आवडतो. समज वाऱ्यावर सरासरी १० गिगावॅट मिळतात आणि पाच दिवस वारा नाही. १० × १२० तास = १,२०० गिगावॅट-तास, माणशी २० युनिट साठवलेले हवेत. वेल्समधल्या डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात वीजघर आहे: रात्री पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. आपल्या घाटघरला हेच तंत्र आहे, २५० मेगावॅटचं. डिनॉर्विग बारा सेकंदांत शून्यावरून १.३ गिगावॅटवर जातं. अख्खा देश टीव्हीवरचा कार्यक्रम संपताच चहाला उठतो तेव्हा तेच कामाला येतं. पण साठा ९ गिगावॅट-तास. म्हणजे अशी १३० हवीत. मग मॅके तिरकी वाट काढतो: ३ कोटी विजेच्या गाड्या, प्रत्येकीत ४० युनिटची बॅटरी. गुणाकार कर. नेमके १,२००. गाड्या कधी चार्ज करायच्या हे ग्रिडनं ठरवायचं. २००८ साली ही कल्पना कागदावरच होती. त्या वेळी राजकारणी हायड्रोजनच्या गाडीसोबत फोटो काढून घेत होते, त्यांना त्यानं एकच तुलना ऐकवली: १०० किलोमीटरला हायड्रोजनची बीएमडब्ल्यू २५४ युनिट, साधी गाडी ८०, विजेची १५.

आता राजकारण. पुस्तकात तो दोन चळती रचतो, एक खर्चाची, एक देशात तयार होऊ शकेल अशा अक्षय ऊर्जेची. माणशी, दिवसाला १९५ युनिट विरुद्ध १८० (खर्च एका सुखवस्तू माणसाचा, म्हणून सरासरी १२५च्या वर). हुरळून जाशील तोवर तो लोकांना बोलावतो. पवनचक्की आमच्या टेकडीवर नको, भरतीच्या पाण्यावर वीज करणारा बांध पक्ष्यांच्या खाडीत नको, शेत अन्नासाठी ठेवा. प्रत्येक नकार रास्त, आणि सगळे मान्य केले की १८० घसरून १८वर येतात. मग म्हणतो, नकार चालेल, पण बेरीज जुळवून दाखवा. स्वतः पाच आराखडे मांडतो, प्रत्येकात वापर १२५वरून सुमारे ७०वर आणलेला. गाड्या आणि घरांची उष्णता विजेवर (उष्णतेला हीट पंप, १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता). एकात अणू जास्त, एकात अणू नाहीच, एकात वाळवंटातून आयात. कुठला निवडा हे सांगत नाही.

सल्लागार झाल्यावर त्यानं हेच सरकारकडून करून घेतलं. २०१०मध्ये खात्यानं '२०५० पाथवेज कॅल्क्युलेटर' लोकांसाठी खुला केला. प्रत्येक बाबीला १ ते ४ पायऱ्यांची कळ, आतलं स्प्रेडशीट उघडं. मंत्री असो की आंदोलक, कळा फिरवा आणि उत्सर्जन ८० टक्के उतरतंय का बघा, कारण कायद्यानं तेच उद्दिष्ट ठरलं होतं. आपल्या नियोजन आयोगानं २०१४मध्ये आणलेलं आयईएसएस २०४७ हे भारताच्या ऊर्जेचं कॅल्क्युलेटर याच घराण्यातलं. ब्रिटिश खात्याच्या मदतीनं झालेलं. पोरांकडून तेच चालवून घे, पाथवेजपेक्षा जवळचं वाटेल.

सरकारला न रुचणारंही त्यानं लिहिलं. वीजघरात कोळशाऐवजी अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळायला ब्रिटन अनुदान देत होतं. जुलै २०१४मध्ये मॅके आणि अॅना स्टीफनसन यांनी हिशेब मांडला: गिरणीतला भुसा, वाया जाणाऱ्या फांद्या असतील तर ठीक; पण त्यासाठी जंगल जास्त वेळा तोडलं तर काही परिस्थितींत उत्सर्जन कोळशाच्याही वर जातं. लाकूड कुठून आलं यापेक्षा 'ते तोडलं नसतं तर त्याचं काय झालं असतं' हा प्रश्न त्यांनी मधोमध ठेवला.

पॅरिसच्या हवामान परिषदेच्या आधी, ऑक्टोबर २०१५मध्ये, तीन अर्थतज्ज्ञांबरोबर त्यानं 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात लेख लिहिला. प्रत्येक देशानं आपापल्या मर्जीचं वचन द्यायचं, यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यातला खेळ रुपयांत मांड. दहा जण, प्रत्येकाकडे १० रुपये. मधल्या डब्यात टाकलेला प्रत्येक रुपया दुप्पट होतो आणि दहांत सारखा वाटला जातो. मी १ टाकला तर मला २० पैसे परत. शहाणा माणूस काही टाकत नाही, सगळे १०वर राहतात. आता नियम बदल: सगळ्यात कमी बोली ज्याची, तेवढेच सगळ्यांनी टाकायचे. माझी बोली उतरली की सगळ्यांचीच उतरते, म्हणून सगळे १० बोलतात आणि प्रत्येकाला २० मिळतात. भिशी चालते ती याच कारणानं. सगळ्यांचा हप्ता सारखा. कार्बनची किमान किंमत सगळ्यांना सारखी ठरवा, ही त्याची मागणी. पॅरिसमध्ये झालं ते वचनांचंच.

कुठे चुकला, हे लपवू नकोस. जायच्या काही दिवस आधीच्या मुलाखतीत तो म्हणाला की नुसत्या अक्षय ऊर्जेवर ब्रिटन चालेल हा भयंकर भ्रम आहे. अणू आणि कोळसा-गॅसचा कार्बन पकडून गाडणं यावर भर द्या. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०१५मध्ये, सरकारनं कार्बन गाडण्याची १ अब्ज पौंडांची स्पर्धा रद्द करून टाकली होती. समुद्रातल्या चक्क्या आणि बॅटऱ्या इतक्या स्वस्त होतील हे त्याच्या हिशेबात नव्हतं. ३० सप्टेंबर २०२४ला ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजघर बंद झालं, आणि आज तिथली पाव हिश्श्याहून जास्त वीज वाऱ्याची. म्हणून मॅके खोटा ठरला, असं कुणी म्हणेल तर त्याला विचार: वीज की ऊर्जा? घरं अजून बहुतेक गॅसवरच तापतात. चक्कीचे चौरस मीटरला २ वॅट अजून २च आहेत. बदलली ती किंमत, आणि पुस्तकात त्यानं किंमत मुद्दाम बाजूला ठेवली होती. माझ्या मते तीच त्याची पडकी बाजू, कारण राजकारणी चौरस मीटर बघून नाही, दर बघून ठरवतात. शिवाय हिवाळ्यात, ऊन सगळ्यात कमी तेव्हा मागणी सगळ्यात जास्त, हा तिथला रोग; त्यावरूनच तो तिथल्या सोलरला नावं ठेवायचा. आपली मागणी उन्हाळ्यात भर दुपारी चढते, तेव्हा त्याचा सोलरविरोध सातारला जसाच्या तसा लावू नकोस.

स्लाइड करू नकोस, फळाच बरा. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक

ता. क. फळ्यावर 'किलोवॅट प्रति तास' लिहू नकोस. वर्तमानपत्रं रोज लिहितात. तो भागाकार नाही, गुणाकार आहे: किलोवॅट-तास.