तुझ्या कागदावर लाल शाई

खानापूर,
रविवार, दुपार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॅपवर पाठवलेली ती एक्सेलची शीट मोबाइलवर काही वाचवेना, म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. तो माझाच विद्यार्थी. कागद हातात घेऊन त्यानं मोठ्यानं वाचलं, "बोर्निओ? बाई, हनिमून कुणाचं?" दुकानात चार माणसं होती. आता निम्म्या खानापुराला ठाऊक झालंय.

एकतीस वर्षं पेपर तपासलेला हात, लाल पेन शोधल्याशिवाय राहिला नाही. रागावू नकोस. सहल तुमची, पैसा तुमचा, शाई तेवढी माझी.

आधी तुझ्या बाजूचं सांगते. परवा व्याह्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "याक्री, दांडेली इल्लेनु?" म्हणजे का हो, दांडेली नाही का? त्यांचंही खोटं नाही. सकाळी दांडेलीत धनेश बघावा, संध्याकाळी कारवारच्या वाळूत पाय सोडून बसावं, एका दिवसात जंगल आणि दर्या दोन्ही होतं. पण मी तुझा कैवार घेतला. "विषुववृत्तीय सदाहरित वने" हा धडा मी नकाशावर छडी टेकवून किती पिढ्यांना शिकवला, आणि स्वतः कधी पाहिलं नाही. आपल्या घाटाला सगळा पाऊस चार महिन्यांत मिळतो, उरलेलं वर्ष झाडं त्यावर काढतात. तिकडं बारा महिने पडतो. तेवढ्यानं जंगल कसं बदलतं ते बघून ये आणि मला सांग. हे आपल्या इथं बसून नाही कळायचं.

आता पहिली लाल खूण, तारखेवर. लग्न मार्गशीर्षात आणि चौथ्या दिवशी विमान! अरे, भूगोलाच्या बाईचा मुलगा ना तू? परतीचा जो वारा हिवाळ्यात तामिळनाडूला पाऊस देतो, त्याच ईशान्य मान्सूनचा मार त्या दिवसांत साबाच्या, म्हणजे बोर्निओतल्या मलेशियाच्या राज्याच्या, पूर्व किनाऱ्याला बसतो. सांडाकान, किनाबातांगान नदी, सगळा तोच पट्टा. नदी पात्राबाहेर येते, बोटी अडकतात, समुद्र खवळलेला असतो. चैत्र-वैशाखात जा. शिवाय लग्नानंतर पूजा, गोंधळ, आपला जोतिबा, त्यांचा गोडचीचा वीरभद्र, एवढं उरकून तुम्ही दोघं उभे राहिलात तरी पुष्कळ. मग व्याह्यांचं मन राखायला तीन दिवस कारवारला जाऊन या आणि झोपा काढा.

दुसरी खूण मुक्कामांवर. नऊ दिवसांत आठ मुक्काम. क्वालालंपूर, कोटा किनाबालू, किनाबालूचा डोंगर, सांडाकान, कासवांचं बेट, नदी, दानुमचं जंगल, सिपादानचं बेट. हे हनिमून की तालुक्याची निवडणूक ड्यूटी? माझी पहिली नेमणूक कणकुंबीच्या बाजूला होती, तुला माहीत आहे. पावसाळ्यात लुगडं धुतलं की चौथ्या दिवशी चुलीवरच्या दोरीवर धुरानं पिवळं होऊन वाळायचं. तीन वर्षांत चार वेळा गवा दिसला. वाघ एकदाही नाही, नुसता आवाज. दाट जंगलाचं असंच असतं. त्यात जनावर असतं आणि दिसत नाही. एका रात्रीचा मुक्काम करून पुढं पळणाऱ्याला फक्त चिखल दिसतो, आणि ओले बूट पुढच्या हॉटेलात जातात.

म्हणून दानुम आणि किनाबातांगान यातलं एकच ठेव. दानुमचं राखीव जंगल ४३८ चौरस किलोमीटर, आपल्या भीमगड अभयारण्याच्या दुपटीहून मोठं, आणि कुऱ्हाड न लागलेलं. मोह होतो, कबूल. पण लहद दातू गावाहून दोन-अडीच तास कच्च्या रस्त्यानं आत जायचं, चढायचं, चालायचं, आणि दिसलं तर दिसलं. नदीवर तसं नाही. सुकाऊ किंवा बिलित गावात राहायचं, पहाटे आणि उतरत्या उन्हात दोन-दोन तास बोटीत बसायचं. तीन रात्री राहिलात तर पाच-सहा फेऱ्या होतात. काही ना काही भेटतंच. लांब नाकाचं माकड, जे बोर्निओ सोडून जगात कुठं नाही. नराचं नाक इतकं लोंबतं की तिकडचे लोक त्याला "डच माकड" म्हणायचे, गोऱ्या साहेबांच्या नाकावरून. सत्तेवर असलेल्याची अशी थट्टा करायला हिंमत लागते! त्याचं सुटलेलं पोट खाऊन खाऊन सुटलेलं नसतं बरं का. पानं पचवायला ती आंबवावी लागतात, त्यासाठी तेवढं मोठं पोट.

पण नदीकाठी एवढी जनावरं का दिसतात, हे तिथला गाइड सांगेल तेव्हा नीट ऐक. जंगल भरगच्च आहे म्हणून नाही. मागं मैलोन्‌मैल पाम तेलाची लागवड झालीय आणि जंगल नदीच्या दोन्ही काठांना पट्टीसारखं उरलंय. जनावरं तेवढ्यातच कोंबली गेलीत. तिथले हत्ती आपल्यापेक्षा बुटके, पण गाऱ्हाणं तेच. पामच्या मळ्यात शिरतात. आपल्याकडं भात पोटरीत आलं की दांडेलीकडून हत्ती उतरतात, रात्रभर डबे वाजतात, फटाके फुटतात. तुझ्या आत्याच्या शेतात गेल्या खेपेला निम्मा ऊस आडवा झाला. तेव्हा तिथं मळेवाल्याला शिव्या देण्याआधी आत्याला आठव. आणि मला सांगायला येण्याआधी, आपल्या घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर मागं काय लिहिलंय तेही वाच.

सेपिलोक मात्र पहिल्याच दिवशी ठेव. तिथं १९६४ पासून अनाथ ओरांगउटान सांभाळून पुन्हा जंगलात सोडतात. सकाळी आणि दुपारी फळं ठेवतात तेव्हा बरेचदा येतात. एकदा ते बघून घेतलंत की नदीवर "दिसला का, दिसला का" ही हाव कमी होईल. मलाय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे वन. आपला वनमाणूसच झाला की. त्याचं पिल्लू सात-आठ वर्षं आईजवळ राहतं, कुठलं फळ कधी पिकतं ते तिच्याकडून शिकतं, मग आपल्या वाटेनं जातं. तू अठ्ठावीसचा झालास, अजून बेंगळुरूहून फोन करून भातात पाणी किती घालू विचारतोस.

आता ज्या ओळीवर मी पेन दोनदा फिरवलंय तिथं ये. "कॅनोपी वॉक." झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा पूल, जमिनीपासून पंचवीस मीटरहून उंच. त्याखाली "डायव्हिंग". हे तू कुणासाठी लिहिलंस? साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे गोकाकच्या धबधब्यावर गेलो होतो. तू कठड्यावर ओणवून फोटो काढत होतास. तुझी नवरी मागं शेंगावालीजवळ धबधब्याकडं पाठ करून बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "अत्ती, इथंच बरं वाटतंय." अत्ती म्हणजे त्यांच्या कन्नडमध्ये सासूबाई. हात गार पडले होते. तुला दिसलं नाही. दिसायला हवं होतं असं नाही म्हणत, पण विचारायला तरी हवं. पोहता येतं का तिला? मला माहीत नाही. तुला माहीत आहे?

तुझ्या बाबांची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९८९ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. हनिमून हा शब्द तेव्हा आपल्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, "गोव्याला देवाला जाऊन या" म्हणाले. लोंढ्याहून मीटरगेजची गाडी धरली. कॅसलरॉक सोडलं आणि वळवानं गाठलं. पुढं रुळावर झाड पडलं होतं. गाडी घाटात उभी राहिली ती सहा तास. दिवे गेले. दोन्ही बाजूंना ते काळं जंगल, आणि बेडूक असे ओरडत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पिशवीत दशम्या आणि शेंगांची चटणी होती. समोरच्या बाकावरच्या मासेवालीला त्यातली एक दिली, तिनं आम्हाला दोन आंबे दिले. लग्नाला चार दिवस झाले होते आणि तोवर आम्ही एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. त्या अंधारात हे म्हणाले, "एक सांगू? मला पाण्याची भीती वाटते." लहानपणी विहिरीत पडले होते म्हणे. मग हळूच पुढं, "कोळव्याला बोट ठरवलीय. दहा रुपये आगाऊ दिलेत."

का ठरवली? तर मित्र म्हणाला होता की नव्या नवरीला बोट आवडते. आणि मला बोटीत उलट्या होतात! झाड पडलं नसतं तर दोघंही एकमेकांच्या हौसेखातर त्या होडीत बसलो असतो, आणि वर्षानुवर्षं "किती मजा आली" म्हणत राहिलो असतो. दहा रुपये बुडाले. पँट दुमडून हे घोट्याएवढ्या पाण्यात तीन दिवस उभे राहिले, मी वाळूत बसून खारे दाणे खाल्ले. त्याच्याहून चांगला समुद्र मी नंतर पाहिला नाही.

तेव्हा सिपादान काटलंय. तिथं शिकलेल्या डायव्हरलाच पाण्यात सोडतात, रोजचे परवाने मोजके, आणि २००४ पासून बेटावर मुक्कामाला बंदी आहे. २००० साली तिथूनच पर्यटकांना पळवून नेलं होतं. अजूनही काही देश आपल्या लोकांना त्या किनाऱ्याबद्दल सावध करतात. शिवाय तुझी मोठी चूक. आठव्या दिवशी दुपारी डायव्हिंग आणि नवव्या दिवशी पहाटे विमान. खोल पाण्यातून आल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला निदान अठरा तास लागतात, त्याआधी विमानात बसायचं नसतं. शून्य मार्क.

त्याऐवजी सांडाकानहून पाऊण तासाच्या विमानानं कोटा किनाबालूला या. समोरच पाच बेटांचं राखीव सागरी उद्यान आहे, बोटीनं पंधरा-वीस मिनिटं. गाया हे त्यातलं मोठं बेट, पाठीला जंगल आणि पुढं वाळू. चार रात्री तिथंच. जंगल आधी, समुद्र नंतर, हा क्रम उलटा करू नकोस. चिखल आणि पहाटेचं उठणं सोसल्यावर वाळूत लोळायची गोडी कळते. आधी लोळलात तर पाच वाजता बोटीसाठी कोण उठणार?

क्वालालंपूरहून साबात उतरल्यावर देश तोच असून पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो, साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी बघ. कर्ज काढून जाणार असशील तर जाऊच नकोस, बाकी विचारत नाही.

तिच्या जेवणाचं मात्र बघ. नुसती भाजी मागितली तरी तिकडं बरेचदा फोडणीत "बेलाचान" असतं, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा गोळा. वर काही दिसत नाही, खाल्ल्यावर वास येतो. त्यांच्या घरात अंडंही शिजत नाही. तो शब्द पाठ कर आणि प्रत्येक ठिकाणी आधी विचार. कडक रोट्टी आणि शेंगा चटणी तिची आई देईलच, भडंग मी देते.

हिरवा चुडा, मंगळसूत्र, जोडवी असलं घेऊन जंगलात जायचं नाही. माकडं ओढतात, बोटीत किणकिणाटानं पाखरं उठतात, खाऱ्या पाण्यात बोट आकसलं की जोडवं कुठं गेलं कळत नाही. कुणी काही म्हणालं तर सांगा, अत्तीनं काढायला सांगितलंय. डॉक्टरांना मलेरियाच्या गोळ्यांचं विचार. आपल्याकडं जसा माकडताप, तसा तिकडं माकडांपासून येणारा मलेरिया आहे.

आणि जळवा. कणकुंबीला आम्ही तंबाखू-चुना चोळून शाळेत जायचो, तरी फळ्यावर लिहिताना पायातून रक्त ओघळायचं आणि पोरं हसायची. तिकडं झुडपाच्या पानावरही बसलेल्या असतात, कमरेला लागतात. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीच्या कापडाचे मोजे मिळतात, ऑनलाइन किंमत बघून मी मोबाइल खालीच ठेवला. शनिवारी हळदीचं सामान आणायला बेळगावला जातोय, खडेबाजारातून मांजरपाट आणते आणि मशीनवर चार जोड शिवून टाकते. तुझ्या पायाचं माप माझ्याकडं आहे. तिचं तू मागू नकोस, मीच फोन करते. त्या निमित्तानं पोहण्याचंही विचारीन म्हणत होते, पण ते तू विचार.

तुझी,
आई