बळीच्या वाट्याला एकच ओळ

मा. संपादक,

व्हिक्टोरियाकाळातील खुनांत मारेकऱ्यावर पानेच्या पाने, बळीच्या वाट्याला एक ओळ. ती वाढवायची तर मृत्यूपासून मागे चालावे. लंडनची मेरी अ‍ॅन निकोल्स, ‘जॅक द रिपर’ या कधीच न सापडलेल्या मारेकऱ्याची बळी, खून ३१ ऑगस्ट १८८८: माहेरचे वॉकर हे आडनाव १८६४च्या लग्ननोंदीत सापडते. मग जनगणना. १८४१ची मात्र जपून. पंधरावरची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, २९चा माणूस २५चा दिसतो. इंग्लंडच्या सरकारी मृत्युनोंदींच्या मूळ सूचीत वय १८६६पासूनच, त्याआधी नावसारखेपणाने हमखास फसगत. कोरोनरचे (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे) कागद पुष्कळदा नष्ट. साक्षी वर्तमानपत्रांत मिळतात, पण आडनावांचे स्पेलिंग पत्रागणिक बदलते.

बेळगावच्या अशा नोंदी शोधताना १९५६पूर्वी जिल्हा मुंबईकडे होता हे विसरू नये. नुसते बेंगळूरला खेटे घालून भागत नाही. शिवाय मोडी वाचता यायला हवी.

– एक वाचक, खानापूर