गुराबेच्या नाळेवर कठडा नव्हता

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत आंग्र्यांच्या आरमारावरची कथा क्रमशः येते आहे. किल्ले आणि लढाया यांवर पुष्कळ लिहिलं जातं, खलाशाच्या हालांकडे कोणी वळत नाही. या लेखकाने ते मनावर घेतलं याचं आम्हाला फार अप्रूप आहे. म्हणूनच राहवत नाही. कथेतले हाल खरे आहेत, पण ते आपल्या गलबतांवरचे नाहीत. सुजलेल्या हिरड्या, किडे पडलेली बिस्किटं, खारवलेलं मांस, तोफांच्या मजल्यावर माणशी 14 इंच जागेत टांगलेल्या झोळ्या हे सगळं विलायती युद्धनौकांवरचं. ते उचलून विजयदुर्गाच्या माणसांच्या माथी मारलं, की त्यांचं स्वतःचं सोसणं झाकलं जातं.

स्कर्व्हीचंच घ्या. ताजी फळं-भाजी पोटात न गेल्यास साधारण दोन-तीन महिन्यांनी हा रोग डोकं वर काढतो. ब्रिटिश आरमाराचा अधिकारी ॲन्सन याच्या 1740 ते 1744 च्या मोहिमेत सुमारे 1,900 माणसं निघाली, त्यातली बहुतेक परतली नाहीत, आणि शत्रूच्या हातून गेली ती अगदी मोजकी. त्याच आरमारातल्या जेम्स लिंड या वैद्याने 1747 मध्ये 12 आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत आधी सुधारले. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस लागू व्हायला 1795 साल उजाडलं. ते हाल महिनोन् महिने जमीन न दिसणाऱ्यांचे. आंग्र्यांची तरांडी बंदरात दबा धरून असत. जहाज दृष्टीस पडलं की नांगराचे दोर सोडून बाहेर पडत आणि काम उरकून खाडीत परतत. तांदूळ, सुकी मासळी, नारळ, आमसुलं पुरवणाऱ्या किनाऱ्यापासून ही माणसं फार दिवस तुटलेली नसत.

मग हाल कसले? पहिले वल्ह्याचे. मोठं गलबत फार तर 70 टनांचं, त्याला 40 ते 50 वल्ही, आणि सगळी ताकद लावून वेग तासाला 4 मैल. वजन वाचावं म्हणून बहुतेक गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा तक्तपोशीवजा मजला असे. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या लढाऊ नौकांना, दोर लावून ओढत. 150 ते 300 टनांची गुराब ओढताना दोर एकदा सैल पडतो, एकदा ताणतो. ताणाचा तो प्रत्येक हिसका वल्हेकऱ्याच्या कमरेत आणि तळहातात बसतो. फोड फुटले की त्यावर खारं पाणी. एका माणसाची लय चुकली तर त्याचं वल्हं पुढच्याच्या वल्ह्यात अडकतं आणि दांडा छातीवर येतो. कथेत या ओढण्याला एक ओळसुद्धा नाही.

दुसरे हाल पाण्याचे. उन्हात वल्हवणाऱ्याला दिवसाला 5-6 लिटर पाणी लागतं. 100 माणसं धरा, म्हणजे रोज अर्धा टन आणि चार दिवसांचे दोन टन. इतकं वजन घेतलं की वेग गेला, कमी घेतलं की घसा कोरडा. तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, यातून रोज निवड करावी लागणार. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या विहिरी आहेत, त्यांचं मोल या हिशोबातून कळतं.

तिसरं काम नौकेच्या बुडाचं. तांब्याचा पत्रा नसलेल्या लाकडाला शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटतात, आतून किडा पोखरतो. बूड खरबरीत झालं की वल्ह्यांचा जोर तिथेच मरतो. त्यासाठी उधाणाच्या भरतीला नौका आत घ्यायची, ओहोटीला बसू द्यायची आणि पुढची भरती येण्याआधी, म्हणजे जेमतेम सहा तासांत, बूड खरवडायचं, माडाच्या चुडतांचा जाळ फिरवायचा, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून राळ भरायची, वरून चुना-चरबीचा लेप द्यायचा. जाळ एका जागी रेंगाळला तर फळी करपते, भराभर फिरवला तर किडा जिवंत राहतो. ओली फट तशीच बुजवली तर कापूस पहिल्याच लाटेला बाहेर येतो, आणि मग रात्रभर पाणी उपसत बसा. उधाण हुकलं की भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला पाणी वरपर्यंत चढत नाही, पंधरवडा वाट पाहावी लागते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद गोदी अजून आहे. लेखकाने ओहोटीच्या वेळी तिथे उतरून एकदा चालावं.

आता नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक. नवव्या भागात नायक गुराबेच्या नाळेवर, कठड्याला रेलून, भर वाऱ्यात घरच्यांना आठवतो. गुराबेची नाळ लांब, सखल, पुढे झेपावलेली. समोरून लाट आली की ती नाक खुपसते आणि पाणी सरळ वर चढतं. ते अडून न राहता दोन्ही अंगांनी वाहून जावं म्हणून नाळेला बाजूच्या भिंती ठेवलेल्याच नसत, ती उघडी असे. मागे आडवी लाकडी भिंत, तिच्यातल्या खिडक्यांतून 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा नाळेवरून मारा करत. त्या भिंतीमागच्या गोलंदाजाला बार उडाल्यावर ओल्या बोळ्याने नळी पुसायची, दारूची थैली सारायची, वर 4-5 किलोचा गोळा ठासायचा, आणि हे सारं खिडकीतून पाण्याचा फवारा आत येत असताना. एक ठिणगी नळीत राहिली तर दारू ठासतानाच पेटते आणि हात जातो. कानावरची, म्हणजे बत्ती लावायच्या भोकावरची दारू भिजली तर बार उडतच नाही. समुद्राकडे तोंड करून आठवणी काढायला तिथे कोणाला जागा नव्हती.

शेवटच्या भागात फेब्रुवारी 1756 मधली विजयदुर्गाची लढाई येणार, असं कथेच्या ओघावरून वाटतं. तिथे फितुरी घुसवू नये ही विनंती. विजयदुर्गाखाली नौका एकमेकींना लागून बांधलेल्या होत्या. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला आणि आग एकीवरून दुसरीवर जात सगळं आरमार जळालं. तेल प्यायलेलं सागवान, राळ, कापडी शिडं आणि पोटात दारू. जळत्या नौकेचा दोर तोडायला कोणी खलाशी धावला असेल, तर कथा त्याची लिहावी.

आणि नायकाला पुन्हा नाळेवर उभं करायचं असेल तर कठडा काढून टाकावा, त्याच्या कमरेला दोर बांधावा आणि दोराचं दुसरं टोक मागच्या आडभिंतीला पक्कं करावं.

आपले,
वाघोटन खाडीकाठचे काही जुने खलाशी आणि होड्या बांधणारे सुतार
(ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग)