क्वार्टर महागली, गिऱ्हाईक तेच: राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं किराणा दुकान आहे आणि समोर वाइन शॉप. शेव, फुटाणे, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे ग्लास माझ्याकडूनच जातात. तेव्हा मी सोवळ्यात बसून लिहितोय असं समजू नका.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या ‘विदेशी’ मद्यावरचं (लिटरला २६० रुपयांपर्यंत निर्मितीखर्च असलेल्या) शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. १८० मिलीच्या बाटलीचे, म्हणजे क्वार्टरचे, किमान भावही ठरले: देशी ८० रुपये, महाराष्ट्रात बनणारी धान्याची नवी दारू १४८, विदेशी २०५, प्रीमियम ३६०. यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील, असा अंदाज सरकारनेच दिला.

दारू महागली की माणूस कमी पितो हे अर्थशास्त्र मलाही मान्य आहे. पण तुमच्या दरपत्रकाला चार पायऱ्या आहेत. वरची परवडेना झाली की माणूस खालच्या पायरीवर उतरतो, जिन्याबाहेर जात नाही. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की समोर रांग लागते. पूर्वी एकटा क्वार्टर घेणारा आता दोघांत एक घेतो, नाहीतर नाइन्टीवर (९० मिलीवर) भागवतो, आणि तासाभराने पुन्हा येतो. काही चेहरे तर या रांगेत दिसेनासे झाले, ते पलीकडच्या देशीच्या दुकानात दिसतात. फरक पडला तो माझ्या दुकानात: त्याच माणसांनी शेवेचं मोठं पाकीट सोडून पाच रुपयांचं घ्यायला सुरुवात केली, आणि घरचं तेल अर्धा लिटर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे जेमतेम १४ टक्के पुरुष दारू पितो म्हणाले. देशाचा आकडा १९ टक्के. (कबूल करणाऱ्यांचा हा हिशेब, खरा थोडा चढाच असणार.) म्हणजे हे १४ हजार कोटी उभ्या महाराष्ट्राच्या खिशातून येणार नाहीत, सातातल्या एका पुरुषाच्या घरातून येणार. त्यातही रोज पिणाऱ्याच्या घरातून सगळ्यात जास्त. अंदाज खरा ठरवायचा तर त्याने पीत राहिलंच पाहिजे, हे वित्त विभागालाही कळतंच.

वयाचं तर बोलायलाच नको. बिअरला २१, कडक दारूला २५ आणि वर परवाना, असं कायदा सांगतो. समोरच्या काउंटरवर कुणाला वय विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, असं त्यात निघालं. आणि रोज पिणाऱ्याने एका दिवसात सोडायची म्हटलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं, काही दिवस खाट लागते. ‘मनावर घे, सुटेल’ हे बायको-पोरांनी सांगून झालेलं असतं. माझ्या दुकानात उधारीची वही बघता बघता एखादी बाई हळूच विचारते, ‘दादा, कुठे नेऊ यांना?’ मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्याला आहे, एवढं मला सांगता येतं. पण रोजंदारीवरच्या माणसाला तिथवर नेणार कोण, आणि तेवढे दिवस घर चालवणार कोण?

म्हणून मागणं एवढंच. या वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनमुक्तीसाठी बांधून द्या. ठाणे जिल्ह्यात प्रत्येक सरकारी रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी खाटा ठेवा आणि त्यांचा पत्ता प्रत्येक दारू दुकानाच्या काउंटरवर मराठीत, भावफलकाएवढ्याच अक्षरात लावायला लावा. विभाग महसुलाचे आकडे जाहीर करतो, त्याच पानावर जिल्हावार किती लिटर खपली आणि किती जणांवर उपचार झाले, तेही छापा. शुल्क लावायचं तर बाटलीत मद्यार्क किती, त्यावर लावा, म्हणजे स्वस्त आणि कडक यांची जोडी तरी तुटेल.

फलक छापून आला तर पहिला माझ्या दुकानावर लावा. रांग इथूनच सुरू होते.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक किराणा दुकानदार