दिव्यांगांचा निधी आणि ग्रामसभा

महोदय,

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्यात नियम आहे. मात्र अनेक ठिकाणी ती मार्चअखेरीस वस्तू वाटून संपवली जाते. मदतीची गरज नाकारता येत नाही, परंतु २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देताना समाजजीवनातील सहभागही अभिप्रेत धरला आहे, आणि सभागृहाला रॅम्प व कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी नसेल, तर हा सहभाग कागदावरच राहतो. व्यासपीठावर सत्कार करून (तोही बहुधा पायऱ्या चढायला लावून!) आत्मविश्वास येत नाही, उत्सव समितीचे हिशेब विश्वासाने सोपवले, तर येतो. या निधीचा विनियोग ठरवताना ग्रामसभेत दिव्यांग ग्रामस्थांनाच आधी बोलू द्यावे.

— एक वाचक