मॉडिफाय पिकअपचा खालचा दम जातो तेव्हा आधी मोजा, मग खोला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मॉडिफाय गाड्यांवर कारवाई म्हणून बातम्या येतात त्यात कायम सायलेन्सर आणि फॅन्सी नंबरप्लेट असतात. ठीक आहे, तीही डोकेदुखीच आहे. पण एकदा पहाटे हैदराबाद रोडला मार्केट यार्डात येऊन उभे राहा म्हणजे कळेल की एमएच-१३ च्या ज्या पिकअप कांदा डाळिंब भाजी घेऊन येतात त्यातली कंपनीतून निघाली तशी राहिलेली गाडी शोधावी लागते. कुणी पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेत, कुणी हौद्याचे फाळके उंच केलेत, कुणी टायर मोठे टाकलेत, कुणी लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप (कधी किती डिझेल सोडायचं ते गणित) बदलून घेतलाय, कुणी इजीआरला (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्री मारून बंद केलंय, आणि दिवे हॉर्न तर विचारूच नका. हे चूक की बरोबर हा वाद मी आज घालत नाही, कायदा काय म्हणतो ते खाली लिहिलंच आहे. माझा मुद्दा असा की अशा गाडीचा खालचा दम, म्हणजे कमी आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) लोड ओढायची ताकद, गेला की नेमकं काय बिघडलंय ते शोधायची पद्धतच आपल्याकडे राहिलेली नाही, सरळ पार्ट बदलायला सुरुवात होते आणि मालकाचा खिसा कापला जातो.

आमचीच गाडी घ्या. सेकंडहँड पिकअप, टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), जुन्या मालकाने हौस भागवून घेतलेली. रिकामी पळवली तर मस्त. लोड टाकून तुळजापूरचा घाट लागला की दुसऱ्या गिअरमध्ये अक्षरशः मान टाकायची, पाय पूर्ण दाबला तरी २००० आरपीएमच्या खाली काहीच नाही, मागून काळा धूर, आणि काटा २००० च्या वर गेला की एकदम ढकलल्यासारखी सुटायची. एका गॅरेजवाल्याने बॉनेट पण नीट न उघडता सांगितलं टर्बो गेला, पाच आकडी कोटेशन. दुसऱ्याने नोजल आणि पंप काढायला सांगितला. अजून एक म्हणाला क्लच प्लेट संपलीय. आता गंमत म्हणजे क्लच प्लेट खरंच घासली होती, पण ती दम गेला म्हणून गेली, कारण ड्रायव्हर बिचारा चढावर हाफ क्लच धरून गाडी ओढत होता. म्हणजे कारण बाजूला राहिलं आणि परिणामाचं बिल आमच्या हातात.

शेवटी ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "मालक, आधी हे सांगा, जुन्या मालकानं काय काय लावलंय अन् काय काय काढलंय?" हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. मग म्हणाले, "खाली मरते वर पळते, का खाली पळते वर मरते?"

हा दुसरा प्रश्न सगळ्या पिकअपवाल्यांनी पाठ करावा असा आहे. एअर फिल्टर धुळीने भरला, डिझेल फिल्टर चोक झाला, सायलेन्सर आतून जाम झाला, तर गाडी सहसा आधी वरच्या आरपीएमला मरते कारण तिथे हवा आणि डिझेल जास्त लागतं आणि तेवढं पुढे जातच नाही. पण खाली मरून वर नीट पळत असेल तर बहुतेक वेळा टर्बो वेळेवर हवा भरत नाही, किंवा भरलेली हवा वाटेत कुठेतरी निसटतेय, किंवा इजीआर उघडा अडकून ताज्या हवेच्या जागी जळका धूर परत आत जातोय. धुराचा रंग पण सांगतो. काळा म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. आमच्या गाडीला मॅप बदललेला, म्हणजे डिझेल आधीच जादा सोडलेलं, त्यामुळे हवा कमी पडली की धूर अजूनच काळा. इजीआरला पत्री होती म्हणून तो विषय संपला. (जाता जाता सांगतो, इजीआर बंद केला की ताकद वाढते हे जे पसरवतात त्यांना सांगा की पाय पूर्ण दाबला की कंपनीचा कॉम्प्युटर तो स्वतःच बंद करतो, मग वाढायचं काय उरलं? प्रदूषण तेवढं वाढतं.)

मग चाचांनी जे केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं. आमच्या गाडीचा टर्बो व्हीजीटी आहे, म्हणजे आत हलणाऱ्या पात्या असतात, खालच्या आरपीएमला त्या मिटून वाट बारीक करतात म्हणजे थोड्या धुरावर पण टर्बो जोरात फिरतो. त्या पात्या हलवायला बाहेर एक डबी असते आणि डबीला दांडी, डबी व्हॅक्युमवर, म्हणजे पाइपातून येणाऱ्या हवेच्या ओढीवर चालते. अशा टर्बोत इंजिन चालू केलं की दांडी ओढली गेली पाहिजे, बंद केलं की परत आली पाहिजे. आमची जागची हलली नाही. इथे टर्बो गेला म्हणून बिल फाडता आलं असतं, पण त्यांनी डबीवरचा बारका रबरी पाइप काढला, त्याला बोट लावलं तर ओढ जेमतेम. मग मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज त्या डबीला जोडून हाताने ओढली. दांडी सरसर वर गेली आणि तिथेच थांबली. म्हणजे डबी ठीक, पात्या मोकळ्या, टर्बो जिवंत, चोर पाइपात. पाइप धरत धरत मागे गेले तर जुन्या मालकाच्या काळात कुणीतरी हॉर्नचा कंप्रेसर आणि जादा दिव्यांची वायरिंग बसवताना हा पाइप वायरींच्या जुडग्यात घेऊन प्लॅस्टिक टाय मारून टर्बोच्या गरम अंगाला चिकटवून बांधला होता. उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत घाट चढणारी गाडी, त्यात ही जागा, रबर पापडासारखं कडक झालेलं. नुसतं बघितलं तर धड दिसायचा, वाकवला की टायच्या खाली चीर उघडायची. नवीन पाइप टाकला, लांबून फिरवून बांधला, दांडी हलायला लागली.

पण तेवढ्यावर थांबले नाहीत. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाड होज खालून हात फिरवून बघितले, एका क्लिपजवळ ऑइल आणि धूळ मिळून काळा चिकटा जमला होता, तिथूनही हवा निसटत होती, क्लिप बदलली. मग मोबाईलला ब्लूटूथ स्कॅनर जोडून चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरचा (हा हवेचा दाब मोजतो, वरच्या लॅपटॉपवाल्या मॅपशी संबंध नाही) आकडा बघितला, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो, आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे म्हणून तिथे साधारण ९५-९६ किलोपास्कल दिसायला पाहिजे, फार वेगळा दिसला तर सेन्सरच काजळीने माखलाय किंवा गेलाय म्हणून समजा. मग लोड टाकून चढावर कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि खरंच मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघितला. यात आधी मोठी फट दिसत होती, आता दोन्ही आकडे जवळजवळ सोबत चढायला लागले. बूस्ट कमी पडल्याचा पी०२९९ कोड तर कॉम्प्युटरमध्ये आधीपासून पडून होता, कुणी स्कॅनर लावला असता तर दिसलाच असता!

एक मात्र सांगतो, साध्या वेस्टगेटवाल्या टर्बोला (ज्यात हलत्या पात्या नसतात, जादा धूर बाजूने सोडणारी झडप असते) ही दांडीची ट्रिक अशी चालत नाही, तिथे तपासायची रीत वेगळी, म्हणून वाचून लगेच सिरिंज घेऊन बसू नका. आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला पण टर्बोच्या डबीला ओढ देणाऱ्या त्याच व्हॅक्युम पंपातून ओढ मिळते, त्यामुळे व्हॅक्युम लीक हा नुसता गाडीच्या दमाचा प्रश्न नाही, घाट उतरताना तो ब्रेकचाही प्रश्न होऊ शकतो.

टायरचं पण लिहायला पाहिजे कारण तिथे कुणी हिशेबच करत नाही. २१५/७५ आर १५ चा टायर उंचीला साधारण ७०३ मिमी बसतो, त्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३ मिमी. म्हणजे सव्वाचार टक्के मोठा. तेवढ्याने प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला, चढावर ओढ तेवढी कमी, आणि मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास असते. एवढ्याने घाटात गाडी बसत नाही हे खरं, पण आधीच खालचा बूस्ट कमी असलेल्या गाडीला हे वरचं ओझंच आहे. मोकळा सायलेन्सर टाकला म्हणून खालचा दम गेला असं जे सांगतात ते टर्बो डिझेलला फारसं लागू नाही, पण टर्बोच्या आधी मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर टर्बोकडे नेणारा लोखंडी पाइप) पॅकिंगमधून धूर गळत असेल तर खालची ओढ नक्की जाते, तिथे काजळीचा डाग दिसतो. क्लचची शंका असेल तर वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला पाय दाबून बघा, आरपीएम पळतंय आणि स्पीड जागेवर, तर क्लच स्लिप. या सगळ्याला पार्ट लागत नाही, डोळे आणि थोडा वेळ लागतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला एकेका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाटे वाढवून जादा माल भरला तर ओव्हरलोडचा दंड वेगळा, २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २०००. सेकंडहँड घेणाऱ्याला हे सगळं वारशात मिळतं, आरसी बुकवर यातलं काहीच नसतं आणि विकणारा सांगत नाही. मालवाहू गाड्यांची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते, तिथे बॉनेटच्या आतली ही बांधाबांध बघायला काय हरकत आहे? आवाज कानावर येतो म्हणून सायलेन्सर पकडला जातो, टर्बोला चिकटवलेला पाइप आणि फ्यूज न लावता ओढलेली वायर कुणाच्या कानावर येणार?

गॅरेजवाल्यांवर राग नाही, त्यांच्यावरही गिऱ्हाईकाची घाई असते, संध्याकाळी गाडी पाहिजे म्हणून आपणच मानेवर बसतो. पण बिलावर दोन ओळी लिहिता येतात, काम करायच्या आधी काय आकडा होता आणि नंतर काय. टर्बो बदलायचा म्हणताय ना, मग दांडी हलते का, बूस्ट किती मागितला किती मिळाला ते लिहून द्या, आम्ही गुपचूप पैसे देतो. आणि जो लाइट हॉर्न मॅप टायर काही पण बसवतो त्याने काय बसवलं, कुठली पाइप वायर कुठून फिरवली, जुना पार्ट कुठे ठेवला ते एका कागदावर लिहून मालकाला द्यावं. गाडी विकताना तो कागद पुढच्याच्या हातात गेला तर अर्धं काम तिथेच होतं, आम्हाला असा कागद मिळाला असता तर चाचांनी सरळ तिथेच हात घातला असता.

तुमच्याकडे एक मागणं आहे साहेब. ऑटो पुरवणीत सनरूफ आणि टचस्क्रीनवर पानभर येतं, ज्या गाडीवर जिल्ह्याचा कांदा आणि डाळिंब चालतं तिच्यावर ओळ नाही. आठवड्याला एक कोपरा द्या, गाडीची लक्षणं लोकांनी लिहून पाठवायची आणि जाणत्या मिस्त्रीने नाहीतर विजापूर रोडच्या आयटीआयमधल्या सरांनी काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं ते सांगायचं. डिसेंबरात कांद्याची आवक वाढली की कुणाला गाडी उभी करायला सवड नसते, तेव्हा दिवाळीच्या आत सुरू केलंत तर उपयोग होईल.

आपला,
एक वाचक आणि पिकअपवाला, सोलापूर