गुहेतल्या माणसांकडून मंत्रिमहोदयांस

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे टेकडीवरून सुटलेला दगड पत्रा फोडून माझ्या आईच्या खाटेच्या पायथ्याशी पडला. ज्या संरक्षक भिंतीचा नारळ आपण दोन पावसाळ्यांपूर्वी स्वहस्ते फोडलात, तिचा अद्याप पायाही खणलेला नाही. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा आपल्या खात्यातील एका साहेबांनी, ‘डोंगर पोखरून गुहेतल्यासारखे राहता, मग दगड पडणारच’, असे सुनावले.

आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे खुद्द डोंगरच आहे, हे खरे. आषाढात ती पाझरते आणि आम्ही रात्रभर फडकी पिळत बसतो. परंतु साहेबांनी गुहेतल्या माणसांना उगाच हिणवले. याच मुंबईत, बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खू राहत होते. त्यांच्या खोल्यांत निजायला दगडी ओटे होते, पावसाचे पाणी वळवायला कातळात पन्हळी होत्या आणि बहुतेक लेण्यांपाशी पाण्याचे टाके होते, ज्याला तेथील शिलालेख ‘पोढी’ म्हणतात. आमच्याकडे दीडशे-दोनशे घरांत (मोजली कुणी?) एकच नळ, तोही पहाटे चारला. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी तेथे अक्षयनीवी ठेवल्या, म्हणजे मुद्दल कायम ठेवून व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) खर्च भागावा. आमच्या भिंतीचा निधी मात्र ३१ मार्चला परत जातो, इतका तो नाशवंत!

इटलीतील मातेरा येथे गुहांत जनावरांसह राहणाऱ्या सुमारे पंधरा हजार माणसांसाठी तेथील सरकारने १९५२ साली कायदा केला आणि नवी घरे बांधली. ते स्थलांतर सर्वांना रुचले नाही, हेही खरे. पण ‘गुहेत राहता’ हे तेथे सरकारला लाजेचे वाटले, येथे ते आम्हालाच ऐकवले जाते. आमच्या वाट्याला तीन सर्वेक्षणे आली, दारावर तीन रंगांचे आकडे आले, आणि निवडणुकीच्या तोंडावर पात्र ठरलेला माणूस निकालानंतर अपात्र कसा होतो, हे कोडे कुठलेच खाते सोडवत नाही.

भिंत बांधावी, किंवा पावसाळ्यापुरती तरी आमची सोय अन्यत्र करावी, एवढीच विनंती आहे. पंचनामा होईपर्यंत दगड हलवू नका, असे आम्हाला बजावले आहे. तो अजून तेथेच आहे. आई त्यावर पाण्याचा तांब्या ठेवते.

आपला,
टेकडीवरचा एक रहिवासी